काही करत नाही ती

रात्रीचे सव्वादहा. कर्वेनगरातली आतली गल्ली, बंद गिरणीचं शटर आणि शटरसमोर मी. हातात सहा फुटांची दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला साडेचार महिन्यांची भिंगरी. दोरी ताणलेली, कारण भिंगरीला समोरच्या कचऱ्याच्या ढिगाकडे जायचंय. मला काहीच करायचं नाहीये. म्हणजे खरंच, काहीही न करता उभं राहणं हेच माझं त्या वेळचं काम आहे.

कुत्र्याला दोरीवर चालायला शिकवायच्या अनेक पद्धती आहेत, पण आमच्या डॉक्टरांनी सांगितलेली सगळ्यात सोपी होती. कुत्र्यानं ओढलं की झाड व्हायचं. उलटं ओढायचं नाही, ओरडायचं नाही, नाव घेऊन विनवण्या करायच्या नाहीत. पाय रोवून थांबायचं. कधीतरी कंटाळून ते मागे वळून बघतं, किंवा एक पाऊल मागे येतं, आणि दोरी सैल पडते. ती सैल पडली त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणून उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा आणि पुढे चालू लागायचं. ओढलं तर रस्ता बंद आणि सैल सोडलं तर रस्ता चालू, एवढं गणित त्या डोक्यात बसलं की झालं. एकदा जरी ओढल्यामुळे कचऱ्यापर्यंत पोचता आलं तर ओढणं चालतं हे त्याला कळतं, आणि मग पुढची बारा वर्षं तुमचा खांदा आणि ते.

पहिल्या दिवशी आमच्या गेटपासून गिरणीपर्यंतचं अंतर कापायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. एरवी मी ते एका मिनिटात कापते. त्या पंचवीसातली निदान वीस मिनिटं मी रस्त्यावर नुसती उभी होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की सव्वीस वर्षांच्या आयुष्यात मी हे कधी केलेलंच नाही.

पण आधी भिंगरीबद्दल सांगते.

आमच्या मागच्या गल्लीत एका बिल्डिंगचं काम चालू होतं. तिथल्या वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीमागे एका कुत्रीला चार पिल्लं झाली. जूनच्या पहिल्या पावसात आठवड्याभरात तीन गेली. पार्वो. रक्ताची हगवण लागते आणि एवढाले जीव दोन-तीन दिवसांत संपतात. वॉचमनच्या बायकोनं चौथं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “ताई, ही एकच राहिली.” मी ते परत द्यायचं ठरवूनच हातात घेतलं होतं.

नाव दुसऱ्या दिवशी पडलं. गळ्यात पट्टा बांधला तर स्वतःभोवती गोल गोल फिरून तोच चावायचा प्रयत्न करत होती. रूममेट म्हणाली, ही भिंगरी आहे. घरमालकांचं प्रकरण मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की भाडेकराराच्या कुठल्याही कलमात कुत्रा हा शब्द नव्हता, आणि मी तो करार त्यांना फोनवर संपूर्ण वाचून दाखवला.

पिल्लाच्या बाबतीत दोन घड्याळं एकाच वेळी उलट दिशेनं चालतात, हे मला तेव्हा कळलं. एक घड्याळ लसींचं. दीड-दोन महिन्यांपासून तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजचं इंजेक्शन, आणि डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडायचं नाही. दुसरं घड्याळ मेंदूचं. स्कॉट आणि फुलर या दोघांनी अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून त्यावर 1965 साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे काही बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या जगात बसतं. नंतर भेटलेल्या गोष्टींची भीती जास्त. थोडक्यात, ज्या आठवड्यांत त्याला जग दाखवायला हवं, नेमक्या त्याच आठवड्यांत त्याला जगात सोडता येत नाही.

यावर उपाय म्हणजे ओढणीची झोळी. जुलैभर मी रोज संध्याकाळी भिंगरीला झोळीत घालून हिंडले. रिक्षा, प्रेशर हॉर्न, छत्र्या, रेनकोटातली माणसं, गणपतीच्या आधी सुरू होणारा ढोलपथकांचा सराव. प्रत्येक आवाजाला एक तुकडा. प्रत्येक नव्या माणसाला एक तुकडा. इस्त्रीवाले काका, दूधवाला, कोपऱ्यावर बसणारे रिटायर्ड आजोबा, सगळ्यांनी तिला हातानं भरवलं. माणूस दिसला की शेपूट हलवायची, हे मी तिला पैसे मोजून शिकवलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दरम्यान घरात दोरीची ओळख. पहिल्या वेळी दोरी अडकवली आणि भिंगरी बसलीच. मी जरा ओढलं तर ती चारही पाय फरशीवर रोवून उलट्या दिशेनं रेटायला लागली. मी जेवढं ओढीन तेवढी ती मागे. पाव्लोवच्या प्रयोगशाळेत असाच एक कुत्रा होता. घंटा आणि लाळ एवढ्यावरच आपण पाव्लोवला संपवतो, पण त्यानं या कुत्र्याबद्दलही लिहून ठेवलंय. एरवी अगदी गरीब प्राणी. पण प्रयोगाच्या स्टँडवर उभं करून पायांना सैल फास लावले की थोड्या वेळानं धडपड सुरू आणि लाळेच्या धारा. पाव्लोवनं याला स्वातंत्र्याचा रिफ्लेक्स म्हटलं. मग त्यांनी काय केलं, तर त्याला जेवण फक्त त्या स्टँडवरच द्यायला सुरुवात केली. हळूहळू कुत्रा शांत झाला.

मी पण तेच केलं. चार दिवस भिंगरीची वाटी दोरी अडकवल्याशिवाय खाली ठेवलीच नाही. पाचव्या दिवशी दोरी काढली की तीच येऊन पट्टा पुढे करायची. मला आनंद झाला आणि जरा कसंतरीही वाटलं. दोन्ही खरं आहे.

आजीला हे सगळं फोनवर सांगितलं. आमचं आजोळ कराडपासून आत, नदीकाठी. तिथे मोती नावाचा कुत्रा होता. तो कुणाचाच नव्हता आणि आजोबांच्या मागं रोज मळ्यात जायचा. त्याच्या गळ्यात कधी सुतळीसुद्धा नव्हती.

“कुत्रं फिरवायचं म्हंजे?” आजी म्हणाली. “त्येला काय पाय न्हाईत व्हय? आन दावं कशाला? गाय हाय का ती? दत्ताच्या पायाशी चार बसल्यात, एकाच्या तरी गळ्यात दावं बघितलंस का?”

मी म्हटलं, आजी, दत्ताच्या फोटोत डंपर नसतात. ती हसली, पण पटलं नाही तिला.

तर मुद्दा उभं राहण्याचा.

मी भरभर चालते. शाळेत असताना एसटी स्टँडवरून घरी यायचं तेव्हापासूनची सवय. दप्तर छातीशी, नजर पाच फुटांवर, चेहऱ्यावर आपण कुठेतरी महत्त्वाच्या ठिकाणी चाललोय असा भाव. पुण्यात येऊन दप्तराची सॅक झाली आणि कानात इयरफोन आले, बहुतेक वेळा गाणं बंद ठेवून. आवाज ऐकू यायला हवेत, पण आपल्याला ऐकू येत नाही असं समोरच्याला वाटायला हवं. कुणाची वाट बघत थांबावं लागलं तर मी फोन काढते. फोन नसेल तर पर्समध्ये काहीतरी शोधते. एकदा तर बंद दुकानाची पाटी मी तीन वेळा वाचली आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक 2011 साली आलं. मुंबईतल्या बायकांना रस्त्यावर असायला सतत कारण दाखवावं लागतं, असं ते सांगतं. ते मी कॉलेजात वाचलं होतं, भरपूर अधोरेखितं करून. वाचून माझी चालण्याची गती काही कमी झाली नव्हती.

आणि आता एक पाच किलोंचा प्राणी मला रात्री सव्वादहाला भर रस्त्यात थांबवत होता. फोन बघता येत नव्हता, कारण दोरी सैल पडल्याचा तो अर्धा सेकंद हुकला की सगळं फुकट. मला फक्त बघत राहायचं होतं. दोरीकडे, तिच्या कानांकडे आणि आपोआपच रस्त्याकडे. गिरणीच्या वरच्या घरात रात्री कुणीतरी हार्मोनियम शिकतं, हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. कोपऱ्यावरच्या चार भटक्यांपैकी तिघांच्या कानाला नसबंदीची खाच आहे आणि चौथी, खाच नसलेली, त्यांची पुढारी आहे. आम्ही त्यांच्या हद्दीत कुठपर्यंत यायचं हे तिनं दोन रात्रींत स्पष्ट केलं. रस्त्याच्या मधल्या झाकणापर्यंत. आम्ही पाळतो.

पहिले काही दिवस माझी मान अवघडायची. प्रत्येक गाडीच्या लाइटला खांदे वर जायचे आणि लगेच भिंगरी ताणायला लागायची. हे सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, की दोरीतून ताण खाली उतरतो. पण ते माझ्या खांद्यांना माहीत नव्हतं. हळूहळू लोकांना सवय झाली, किंवा मला. “कुत्रीला शिकवताय वाटतं,” असं कुणीतरी म्हणायचं आणि पुढे जायचं. मला उभं राहायला कारण मिळालं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी एक बाइक आली. दोघं बसलेले, विशीतले. गेले आणि पुढून वळून परत आले. हळू केली. मागचा म्हणाला, “मॅडम, चावते का?” आणि दोघं हसले. एवढंच. कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखं काही नाही. मी झाड झालेली होते, तशीच राहिले. आणि भिंगरीनं माणसं बघितली. तिच्या हिशेबानं माणूस म्हणजे तुकडा. ती शेपूट हलवत, कान मागे टाकून, आनंदानं त्यांच्याकडे निघाली.

मी दोरीला हिसडा दिला. जोरात. भुंक ना, असं मी म्हणाले, मोठ्यांदा. ती केकाटली, पोटावर पडली आणि तिथेच तिनं मुतलं. बाइकवरचा मागचा म्हणाला, “अहो, मारू नका तिला,” आणि ते निघून गेले.

तो हे म्हणाला, हे मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोरी खुंटीवरून काढली आणि भिंगरी पलंगाखाली गेली. चिकन दाखवलं, आली नाही. उंबऱ्याच्या पलीकडे पाऊल टाकेना. डॉक्टरांनी गळा तपासला. इजा नव्हती. हार्नेस घ्या म्हणाले, म्हणजे ओढ गळ्यावर येत नाही, छातीवर येते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “या वयात एकदा घाबरलं की वेळ लागतो. तुम्ही घाई करू नका.” मी काय केलं ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

मग परत पहिल्यापासून. दोरी नुसती जमिनीवर पडलेली, तिच्या शेजारी वाटी. दोन दिवसांनी हार्नेस अंगावर, दोरी नाही. मग दोरी, पण हातात नाही, मागून घसटत येणारी. मग उंबरा. उंबऱ्यावर मी तीन संध्याकाळी बसले. ती आत, मी बाहेर जिन्याच्या पायरीवर, मध्ये सैल दोरी. मला राहून राहून वाटत होतं की मला त्या रात्री तिच्याकडून काहीतरी हवं होतं, जे मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. घरून सगळे म्हणायचे, बरं झालं कुत्रं पाळलंस, आता सोबत आहे, काळजी नाही. ऐकून ऐकून मीही कुठेतरी तिला चौकीदार करून टाकलं होतं. पाच महिन्यांचं पिल्लू. तिनं काय करायचं होतं?

याच उंबऱ्याच्या दिवसांत दुसरी गोष्ट घडली. ती सांगायला मला पहिलीपेक्षा जड जातं.

वरच्या मजल्यावर एक आठ-नऊ वर्षांची मुलगी राहते. क्लासवरून जिना चढून आली, आणि इतके दिवस घाबरून बसलेली भिंगरी एकदम उत्साहानं उठली आणि तिच्या अंगावर झेपावली. दोरी माझ्या मांडीवर होती, हातात नव्हती. मुलगी भिंतीला चिकटली. मी भिंगरीला मागे घेतलं आणि हसत म्हणाले, “अगं, काही करत नाही ती. खेळायचंय तिला.”

मुलगी हलली नाही. तिनं दप्तर पाठीवरून काढून छातीशी धरलं होतं.

कुत्रेवाल्यांचं हे राष्ट्रीय वाक्य आहे. मीही जुलैपासून निदान पन्नास वेळा म्हटलं असेन. पण ते दप्तर बघितलं आणि ते वाक्य मला दुसऱ्या आवाजात ऐकू आलं. नववीत असताना स्टँडच्या बाहेर एक माणूस रोज उभा असायचा, आणि मी घरी सांगितलं तेव्हा नात्यातली एक बाई, अगदी प्रेमानं, म्हणाली होती, “काही करत नाही गं तो, नुसता बघतो.”

तेव्हा मला त्या बाईचा जेवढा राग आला होता, त्याच्या बरोबर उलट बाजूला मी आता दोरी घेऊन बसले होते. तो काही करतो की नाही हा माझा प्रश्नच नव्हता. तो करणार नाही याची खात्री मी का बाळगायची, हा होता.

त्यानंतर ‘काही करत नाही’ हे मी बंद केलं. म्हणायचं झालं तर, “थांब, मी धरते तिला.” आणि शिकवणीत एक नवा धडा आला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसायचं. वरून किंवा खालून कुणी आलं तर ते पार जाईपर्यंत बसून राहायचं, नजर माझ्याकडे. याला तीन आठवडे लागले, आणि चिकनचा खर्च माझ्या वायफायपेक्षा जास्त झाला.

इथे भाषेचा एक घोळ आहे. मराठीत कुत्र्याशी बोलायला आपल्याकडे मूळचे शब्द दोनच. जवळ बोलवायचं तर ‘यू यू यू’, हाकलायचं तर ‘हाड’. मधलं काही नाही. म्हणून बहुतेक घरांतली कुत्री इंग्रजी माध्यमात जातात. सिट, स्टे, कम. आजोबा-आजीसुद्धा, जे नातवाशी मराठीतच बोला म्हणून भांडतात, कुत्र्याला ‘नो, नो, बॅड बॉय’ म्हणतात. मी हट्टानं ‘बस’ शिकवलं. परिणाम असा की मी फोनवर आईला वैतागून “आता बस!” म्हटलं की भिंगरी जिथे असेल तिथे बसते आणि तुकड्याची वाट बघते. मी तो देते. तिची काय चूक?

वरच्या मुलीला भिंगरी आवडायला लागली, असं मी लिहू शकले असते. तसं झालेलं नाही. ती आता दप्तर पाठीवरच ठेवते, आमच्या समोरून जाते, जाताना भिंगरीवरची नजर काढत नाही. दोनदा तिनं स्वतःहून विचारलं, “धरलीय ना?” मी हात वर करून दोरीचे दोन वेढे दाखवले. ती गेली.

दिवाळीनंतर आई चार दिवस आली. तिला कुत्र्यांचं प्रेम नाही, भीतीही नाही. “घरात केस किती गं,” एवढीच तक्रार. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमारास मी हार्नेस चढवत होते तर म्हणाली, “थांब, मी पण येते. जेवण जास्त झालंय.” गाऊनवर ओढणी घेतली आणि निघाली.

जिन्याच्या दोन वळणांवर भिंगरी बसली. आई म्हणाली, “हे बरं शिकवलंस.” गल्लीत आलो. आई सवयीनं भरभर पुढे गेली, मग आम्ही मागे राहिलो म्हणून थांबली, परत आली. गिरणीपाशी भिंगरीला कचऱ्याचा वास आला आणि दोरी ताणली. मी थांबले.

“काय झालं?”

“काही नाही. ती ओढते तेव्हा थांबायचं.”

“किती वेळ?”

“ती सोडेपर्यंत.”

आईनं इकडेतिकडे बघितलं. ओढणी सारखी केली. लांबून एक बाइक येत होती, माझे खांदे वर गेले. तिचे पण गेले, मी बघितलं. भिंगरी खाली बसली होती. बाइक गेली. हार्मोनियमवाला आज तेच तेच एक वळण चुकत होता.

“आण इकडं,” आई म्हणाली आणि तिनं दोरी माझ्याकडून घेतली. धरायची कशी ते दाखवलं, अंगठ्यात वेढा, बाकी सैल. भिंगरीनं नवा हात ओळखून एकदा जोर लावून बघितला. आई हलली नाही. बराच वेळ हलली नाही.

“मी अशी कधी उभी राहिलेच नव्हते गं,” ती म्हणाली. मग गिरणीच्या पायरीवर एक फुंकर मारली, हातानं पीठ झटकलं आणि दोरी न सोडता बसली. “ये, बस.”

दोघी बसलो. मला आणि भिंगरीला, दोघींनाही कळलं नाही की ती नेमकं कुणाला म्हणाली. भिंगरीनं माझ्या खिशाकडे बघितलं.